एल्गन डोंगरातल्या खारट भिंतीची गोचीड

मित्रांनो, तोंड वाकडं करू नका. मी एक म्हातारी गोचीड आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एल्गन डोंगरातल्या एका गुहेत, खारट भिंतीच्या भेगेत माझा जन्म झाला. छताला फळं खाणाऱ्या वटवाघळांची वस्ती होती. रात्रभर रानातली उंबरं खाऊन ती पहाटे येत आणि उलटी लटकून झोपत. मग मी हळूच जाई, थेंबभर रक्त पिई आणि परत येई. देवाने माझ्या पानात तेवढंच वाढलं होतं. माझं कौतुक कोणी केलं नाही. पण त्या उबदार पंखांखाली मी सुखात होते.

या डोंगरावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरांना मीठ चाटायला आमच्या गुहेत आणतात. सालिमो नावाची बाईही आपली एकुलती गाय आणी.

एका दुपारी ती आली, तर तिचा दीर क्वेंबोय गुहेत ओल्या फांद्यांचे भारे रचत होता. त्याचं वासरू तापाने आडवं झालं होतं, कानात गोचिडी सापडल्या होत्या. त्या गवतातल्या. आम्ही गुहेबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. पण माणसाला सगळ्या गोचिडी सारख्याच.

“गोचिडी ही वटवाघळंच आणतात. हाकलतो त्यांना.”

“जरा थांब. गुरांचा डॉक्टर यायचाय.”

“तोवर वासरू काय पाहुण्यासारखं वाट बघत बसेल, वहिनी?”

“अरे, काजळी भिंतीवर बसेल. मग गाई काय चाटतील, तुझं डोकं?”

“डोक्यात मीठ असतं तर त्यांनी ते केव्हाच संपवलं असतं,” म्हणत त्याने काडी ओढली.

गुहा धुराने भरली. आंधळ्यासारखी वटवाघळं उन्हात उडाली. उडता न येणारी पिल्लं टपटप खाली पडली. एक माझ्या भेगेखालीच पडलं. त्याच्या आईचं रक्त माझ्या पोटात होतं, मित्रांनो.

वासरू गेलंच. पुढे सालिमोची गाय आली, काळी भिंत हुंगली आणि मागे फिरली. सालिमो दगडाने काजळी खरवडू लागली. क्वेंबोय दारात घुटमळला.

“वहिनी, मला वाटलं...”

“घे दगड. घास.”

दोघं घासत राहिली.

वटवाघळं परतली नाहीत. आम्हा गोचिडींना देवाने वर्षानुवर्षं उपाशी जगण्याची ताकद दिली आहे. तीच आता सोसवत नाही. शेजारच्या भेगा एकेक करून गप्प झाल्या. मित्रांनो, मला जीव लावा असं मी म्हणणार नाही. पण कोणाच्या घरात धूर सोडण्याआधी एवढंच पाहा, आत कोणाचं लेकरू अजून उडायला शिकायचं आहे का.