आईचा फोन चार्जच होत नव्हता

दसरा होऊन गेला तरी आईचा फोन मेलेलाच होता आणि घरात कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं. वेणीला पडलं होतं. वेणी म्हणजे कृष्णवेणी, पण पूर्ण नावानं तिला फक्त शाळेतल्या बाई हाका मारायच्या, आणि शाळा तिनं नववीत सोडली ती सोडलीच. आता सतरावं लागत होतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. स्वतःचा फोन तिनं गणपतीत कुठल्याशा भांडणात भिंतीवर आपटला होता, म्हणून आईच्या फोनवर डोळा.

तिला थोरल्या बहिणीला फोन लावायचा होता. प्रेमानं नाही, झाडायला.

मेघाश्रीच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. नवरा अमित मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, इथंच शहराच्या दुसऱ्या टोकाला सर्जापूर रोडवर बाराव्या मजल्यावर फ्लॅट. चामराजपेटेत ब्लाउज नि शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या शामसुंदर शिंप्याला, म्हणजे अण्णांना, असा जावई मिळाला म्हणून समाजाच्या हॉलमध्ये लोक अजून बोलायचे. लोक गप्प बसले तर अण्णा स्वतः विषय काढायचे. आणि ही मेघाक्का! लग्नानंतरचा पहिला दसरा, नि सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायलासुद्धा आली नाही. अण्णांनी फोन केला तर अमितनंच उचलला. "ती किचनमध्ये आहे, करेल नंतर." नंतर कुठला? काही आला नाही.

"लिफ्टनं वर गेलं की माणसाला खालचं दिसत नाही," वेणी म्हणाली. अण्णांच्या फोनवरून बोलायचं तर अण्णा समोर कान टवकारून बसणार, मग मनासारखं तोंड कुठं सोडता येतं?

"राहू दे गं तो फोन," आई ब्लाउजाला हुकं लावता लावता म्हणाली. "चार्जिंगला लावलाय की. होईल."

"कुठं होतंय? हात लाव पाठीवर. स्क्रीन काळी असली तरी आत करंट जात असला ना, तर फोन हळूहळू गरम होतो. हा बघ. थंड. मढ्यासारखा."

"सणासुदीचं काय बोलतीस!"

"सण गेला की कवाच."

खरंच गेला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, दृष्ट काढून कुंकू भरून रस्त्यावर फोडलेले कोहळे अजून गटाराच्या कडेला पडून कुजत होते, आतला लाल रंग काळा पडला होता. त्या दिवशी अण्णांनी शिवणयंत्र, कात्र्या, टेप, स्कूटरची किल्ली सगळं मांडून पूजा केली, आणि आईच्या ऑर्डरी फोनवर येतात म्हणून फोनलाही हळदकुंकू लावलं. तेव्हापासून फोन बंद.

आणखी एक गोष्ट वेणीला दिसली होती. पूर्वी आई तो फोन कमरेला खोचून फिरायची. दुपारी अण्णा दुकानात गेले की गच्चीच्या जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायची. आता फोन फळीवर पालथा, आणि आई त्याच्याकडे पाठ करून. दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

"किरणकडं नेते," वेणी म्हणाली.

"नको." आई एवढ्या पटकन बोलली की दोरा तुटला.

"का नको?"

"उगाच. कशाला त्याच्या तोंडी लागायचं."

नको म्हटलं की वेणीच्या पायाला भिंगरी लागायची. ती निघालीसुद्धा.

किरणकुमारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान पुढच्या गल्लीत. वेणीनं तिथं काही महिने काम केलं होतं. एका गिऱ्हाइकाला "आधी अक्कल चार्ज करून आणा" म्हणाली, आणि किरणनं तिला हात जोडले.

"काय गं, आज कुणाला खाऊन आलीस?" किरणनं मान वर न करता विचारलं.

"अजून कुणाला नाही. मीटर दे. नि जागा दे स्वल्प."

त्यानं ते बोटाएवढं मीटर तिच्याकडे सरकवलं. चार्जर आणि केबल यांच्या मधे ते लावायचं, फोन किती करंट ओढतोय त्याचा आकडा दिसतो. वेणीनं लावलं. आकडा शून्य. केबल बदलली, चार्जर बदलला. शून्य.

"बॅटरी खलास," किरण म्हणाला. "नाहीतर खालचा बोर्ड. नवा घ्यायला सांग आईला."

"थांब रे. पिन पूर्ण आत बसतच नाहीये. टक् होत नाही." तिनं भिंग डोळ्याला लावलं नि चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला. आणि हसायलाच लागली. "कुंकू! आमच्या अण्णांनी फोनला कुंकू खायला घातलंय!"

किरणही हसला. "दरवर्षी एक-दोन येतातच गं असे. देवाला फोनवरूनच नमस्कार करा म्हणावं."

तिनं दात कोरायची काडी घेतली आणि कुंकू उकरायला लागली. वरचं भुरभुर पडलं. पण खाली काडी अडली. खिशातला केर असा अडत नाही, तो करड्या लोकरीसारखा निघून येतो. हे घट्ट होतं, चिवट. लाल गोळी काडीच्या टोकाला चिकटून बाहेर आली. वेणीनं ती बोटांत चोळली. भुगा झाला नाही, मऊ झाली.

मेण.

घरी आई दोरा मेणावरून ओढते, ते मेण. आयुधपूजेत मेण नसतं. आणि चुकून पडलेलं मेण असं कोपऱ्याकोपऱ्यात ठासून बसत नाही. पुढच्या काडीला मेणाबरोबर एक चमकता कण आला. सुईचं मोडकं टोक.

"काय निघालं?" किरणनं विचारलं.

"केर," वेणी म्हणाली, आणि सुईचं टोक नखाखाली दाबून धरलं.

तिला स्वतःचंच नवल वाटलं. एरवी एवढ्यात तिनं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला, वाळू दिलं, मग पिन घातली. टक्. मीटरचा आकडा उडी मारून वर गेला. स्क्रीन मात्र काळीच. इथंच लोक घाबरून पिन काढतात. बॅटरी तळापर्यंत आटली की फोनला डोळे उघडायला वेळ लागतो. ती तळवा पाठीवर ठेवून बसून राहिली. एका जागी बसणं तिला कधी जमलं नव्हतं, आज जमलं. थोड्या वेळानं तळव्याला ऊब लागली. मग लाल बॅटरीचं चित्र आलं. फोन सुरू झाला आणि थरथरायला लागला, थांबेचना.

"लग्नघर आहे की काय!" किरण म्हणाला.

सगळे मेघाक्काचे. न उचललेल्या फोनांचे निरोप, पहिल्या दिवशी ओळीनं, मग कमी, मग नाहीच. खाली व्हॉट्सॲप.

*आई काल म्हटलं तसं बॅग भरलीय. अण्णांना घेऊन ये. एकटीला हे सोडायचे नाहीत.*

*आई फोन का बंद हाय.*

*आई*

आणि दसऱ्याच्या दिवशीचा: *बॅग सोडली. आता येऊ नका. बन्नी घ्या सगळ्यांनी.*

वेणी घरी आली तेव्हा आई तिथंच बसली होती, तेच ब्लाउज मांडीवर. वेणीनं लाल मेणाची गोळी तिच्यासमोर ठेवली. आईनं ती पाहिली. मग म्हणाली, "सुईचं टोक मोडलं होतं आत. निघालं का?"

वेणीला वाटलं होतं आई नाही म्हणेल, मग आपण ओरडू.

"रडायची ती? दुपारी?"

"हं."

"मारतो?"

"हात उचलतो कधीकधी. बाहेर सोडत नाही. ही बोलली की हसतो म्हणे, कानडी मराठी बोलतेस म्हणून. लोकांसमोर बोलायची चोरी."

"नि तू काय सांगितलंस?"

"स्वल्प सोस म्हटलं. आणि काय सांगणार? मग म्हणाली, उद्या येतेच." आईनं सुई ब्लाउजात टोचून ठेवली. "फोन लागला नाही तर निघायची नाही, एवढंच आलं डोक्यात. अण्णांच्या छातीचं तुला ठाऊक आहे. आणि तू हाईस अजून. थोरली परत आली, तर तुझ्यासाठी ह्या दारात कोण येणार?"

"मी मागितलं होतं?" वेणी किंचाळली. "माझ्या नावावर कशाला घालतीस?"

वेणीनं फोन लावला. उचलला गेला. "अक्का, मी वेणी."

"हां वेणी, बोल ना."

*बोल ना.* मेघाक्का जन्मात कधी असं बोलली नव्हती. ती म्हणायची, बोल की गं.

"अक्का, मी येते. आत्ता. अण्णांना घेऊन येते."

"अगं कशाला? काही नाहीये. सहज म्हटलं होतं मी."

मागं टीव्ही चालू होता. अमितचा आवाज आला, चांगला हसरा. "कोण आहे?"

"वेणी आहे."

"अरे वा. दिवाळीला ये म्हणावं."

"दिवाळीला ये म्हणतायत," मेघाक्का म्हणाली.

"अक्का, आईचा फोन बिघडला होता." हे आपण का बोलतोय ते वेणीला कळेना. "कुंकू गेलं होतं आत. आयुधपूजेचं. म्हणून लागला नाही गं."

पलीकडे नुसता टीव्ही. मग, "हो का. झाला ना नीट? बरं झालं." आणि फोन बंद.

वेणी चपला पायात सरकवून तशीच खाली उतरली. अण्णांना सांगायचं. सगळं, मेणासकट. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. दुकानाच्या दारात पोचली तर अण्णा गळ्यात टेप घालून एका बाईंच्या बाहीचं माप घेत होते आणि सांगत होते, "आमची थोरली सर्जापूर रोडला असते, बाराव्या मजल्यावर. वारा काय येतो हो तिथं!" शिवणयंत्रावर पूजेचं कुंकू अजून तसंच होतं.

"काय गं?" अण्णा वळले. "फोन झाला का आईचा? मेघाला लाव जरा. माझ्यावर रुसलीय वाटतं."

वेणीचं तोंड उघडलं. अण्णांचा एक हात टेपवर होता, दुसरा सवयीनं छातीवर गेला होता.

"लावला," ती म्हणाली. "बरी आहे म्हणाली."

"बघा!" अण्णा त्या बाईंना म्हणाले. "नुसतं काम असतं हो त्यांना."

घरी परतली तेव्हा आईनं फोन चार्जिंगला लावला होता. मेणाची गोळी कुठं दिसली नाही. आई जमिनीवर बसून होती, तळवा फोनच्या पाठीवर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गरम होतोय गं," ती म्हणाली.

वेणी भिंतीला टेकून बसली. "होणारच," म्हणाली. "आता काय झालंय त्याला."