उजवीकडची फळी

फिटरनं गाडीच्या सीटखाली हात घालून पुढचा बोल्ट चाचपला, बोटांनीच त्याचं माप ओळखलं आणि न बघता हात मागे केला.

"तेरा नंबर."

बायकोनं पेटीतला पाना त्याच्या हातावर ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला पानेही कळायला लागले होते.

"पंखा मोडलात तो मोडलात," ती म्हणाली, "आता उन्हाळ्यात ह्या गाडीपुढे वारा खात बसा."

"पंखा मेलेलाच होता. त्याचा दांडा चांगला होता."

"तीन वर्षं मेलेला होता. तीन वर्षं तुम्ही म्हणत होतात, करतो दुरुस्त."

फिटरनं बोल्ट सोडवला.

कारखाना सुटून सहा वर्षं झाली तरी गल्ली त्याला फिटरच म्हणे. लेक रांगायला लागल्यापासून एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव त्यानं भिंगरी ठेवलं होतं, आणि चौतिसाव्या वर्षीही ती खरंच भिंगरीसारखी फिरत होती. ट्रक उभे करून तोलायचे मोठे काटे तपासणं हे तिचं काम. आज ह्या कारखान्यात, उद्या त्या गोदामात. काटा तपासून झाला की गाडीतच ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायचं, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि रिपोर्ट भरायचा. आता तिची बदली झाली होती. दुपारी जेवून ती निघणार होती, गाडीनं आठ तासांवरच्या गावाला.

जाताना तिला आपल्या हातचं काहीतरी द्यावं असं त्याला फार वाटत होतं. ड्रिल मशीन देऊ केलं, पान्यांचा संच देऊ केला, हवा मोजायचं मीटरसुद्धा. "नको बाबा, जागा नाही," असं ती दर वेळी इतक्या गोड आवाजात म्हणाली, की आग्रह करायलाही जागा उरली नाही. बापलेकीत भांडण असं कधीच नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मग चार दिवसांपूर्वी जेवताना ती मान चोळत म्हणाली, "दिवसभर मांडीत वाकून बघायचं, दुसरं काय," आणि फिटरचे हात शिवशिवायला लागले.

बाजारात असले स्टँड मिळतात, पण ते नुसते दिखाऊ, असं न बघताच त्याचं मत झालं. त्यानं लोखंडी पट्टीला भोक पाडलं आणि ती सीटच्याच बोल्टखाली धरली, म्हणजे गाडीला नवं भोक नको. पट्टीवर पंख्याचा दांडा उभा केला. दांड्यावर फळी. लॅपटॉप घसरू नये म्हणून फळीच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. आणि उजवीकडे माउससाठी वीतभर रुंदीची छोटी फळी, कडेला कठडा लावून, चार स्क्रूंनी पक्की केलेली. एवढं सगळं भंगारातून. त्यानं पट्टी आवळली, सगळं हलवून बघितलं आणि तो म्हणाला, "मापात आहे."

घरात ह्याहून मोठं कौतुक नव्हतं. भाजी चांगली झाली तरी ती मापात असे, आणि जावई पसंत पडला तेव्हा तोही मापात आहे असंच फिटर म्हणाला होता. मात्र जे मापात नाही त्याला मापात म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही, मग तो साहेबानं केलेला सुटा भाग असो की पोरीचा गृहपाठ.

"भिंगरे, ये, बसून बघ."

ती आली, बसली. लॅपटॉप फळीवर ठेवला आणि एकदम ताठ झाली, मान न वाकवता. मग तिचा हात फळीवरून फिरला आणि कोपऱ्यातल्या शाईच्या डागाशी थांबला.

"ही माझ्या अभ्यासाच्या टेबलाची ना?"

"वरची फळी. असलं लाकूड आता मिळत नाही," फिटर खुशीत म्हणाला. "माउस चालवून बघ."

तिनं उजव्या हातानं माउस चालवला.

"छान झालंय, बाबा."

"असं नाही. एक खरा रिपोर्ट भरून बघ. काम केल्याशिवाय चूक कळत नाही."

तिचा एक रिपोर्ट राहिलाच होता. ती कामाला लागली. दांडा जरा खडखडेल असं वाटून फिटर रबराचा तुकडा आणायला आत गेला, आणि मागच्या दारानं अंगणात आला. गाडीची पाठ त्याच्याकडे होती. डावीकडच्या उघड्या दारातून त्याला लेकीचा खांदा दिसला, आणि माउस दिसला.

माउस छोट्या फळीवर नव्हता. तिनं डाव्या मांडीवर एक फाइल आडवी ठेवली होती आणि तिच्यावर डाव्या हातानं माउस भराभर चालला होता. उजवीकडच्या फळीवर पाण्याची बाटली ठेवलेली होती.

फिटरचा पाय पान्यांच्या पेटीला लागला. आवाज झाला. भिंगरीनं मागे वळूनही बघितलं नाही. बाटली खाली, फाइल दारापाशी, माउस उजव्या फळीवर आणि माउसवर उजवा हात, एवढं सगळं एका श्वासात झालं. जिनं काटा खोटा म्हटला की कारखान्याचे मालक हात जोडून उभे राहतात ती ही बाई, बापाच्या चाहुलीनं सहा वर्षांची झाली.

त्यानं रबर तिच्या हातात दिलं आणि तो आत गेला.

बायको ओट्यापाशी होती.

"भिंगरी डाव्या हातानं काम करते?"

"हो."

"कधीपासून?"

"कधीपासून काय?" तिनं गॅस बारीक केला. "ती भाजी कुठल्या हातानं चिरते, बघितलंत कधी? सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यासमोर तेवढं ती सांभाळते."

फिटरनं चष्मा काढला. पुसायला सदरा धरला आणि पुसायचं विसरून तो ओट्यावर ठेवला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, मी सहा महिन्यांत घालवली, हे त्यानं चारचौघांत किती वेळा सांगितलं असेल. कारखान्यात एक डावरा होता, चांगला कारागीर, प्रेसवर त्याची तीन बोटं गेली. मशीन उजव्या माणसासाठी केलेलं असतं. ती बोटं फिटरनं स्वतः फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेली होती, आणि त्याच आठवड्यात त्यानं लेकीला डाव्या हातात पेन्सिल धरलेली बघितली. मग रोज संध्याकाळी, त्याच टेबलापाशी, तिचा डावा हात तो खुर्चीच्या हाताला बांधत असे. फडकं मऊ घ्यायचा. तेवढी काळजी त्यानं घेतली होती. ती रडत नसे, आणि न रडणं म्हणजे पटणं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. उजव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर बघून तो म्हणे, मापात नाही, पुन्हा काढ.

त्याला आत्ता त्या फडक्याची गाठसुद्धा आठवत होती, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर आला.

"लॅपटॉप उचल जरा. ही फळी पलीकडे घेतो."

"कशाला? बरोबर आहे की."

"माप चुकलंय माझं."

"असू दे, बाबा. मला सवय आहे."

ते ती सहज बोलली, म्हणूनच त्याला फार लागलं. त्यानं मान खाली घातली आणि बोटानं चाचपून एकेक स्क्रू काढला. फळी डावीकडे लावली. भिंगरी बघत होती. माफी मागायची म्हणजे सुरुवात कुठून करायची हेच त्याला कळेना. स्क्रू बसले तेव्हा तिनं माउस नव्या जागी ठेवला, क्षणभर थांबली, आणि त्याच्या देखत त्यावर डावा हात ठेवला.

"महिन्याभरात हा बोल्ट ढिला पडेल," फिटर म्हणाला. "पाना तेरा नंबरचा. गाडीत ठेवलाय. फळीवर लिहूनच ठेव, म्हणजे विसरायला नको."

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, पर्समधून पेन काढलं आणि मोठ्या फळीच्या कोपऱ्यात लिहिलं, १३. उजव्या हातानं.

"डाव्यानं लिही."

भिंगरीनं त्याच्याकडे बघितलं.

"लिहिणं नाही येत डाव्यानं," ती म्हणाली. "चाकू, माउस, किल्ली, सगळं परत आलं. लिहिणं तेवढं नाही आलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लिहून तर बघ."

तिनं पेन हात बदलून धरलं, पहिलीतली मुलं धरतात तसं, मुठीत. पहिल्या आकड्याखाली पुन्हा १३ काढला. बराच वेळ लागला. एक फार लांबला, आणि तीन पोटावर आडवा पडला.

फिटर वाकला. कारखान्यात सुटा भाग हातात घेऊन बघायचा तसं त्यानं तो आकडा निरखून बघितला, जवळून, मग जरा लांबून.

"मापात आहे," तो म्हणाला.

भिंगरी त्याच्या नाकाकडे बघत राहिली. तिथं चष्म्याचे दोन लाल वळ होते. जवळचं त्याला चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि चष्मा आत ओट्यावर होता.