हिल्डाच्या बारा चिठ्ठ्या

हिल्डा थर्लवेलने शब्द दिला की कोळशाच्या खाणीवर वसलेल्या त्यांच्या गावात, चॅपल लेनमधल्या बाराही घरांत तो चालायचा. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने गावातल्या दोन पिढ्या जेवू घातल्या होत्या. तिने वाढलेलं पानात टाकायची छाती तेव्हा कुणाची झाली नव्हती, आणि आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी होत नव्हती. म्हणून ही घरं ज्या गृहसंस्थेची, तिची माणसं कोळशाच्या शेगड्या काढून हीट पंप बसवायला आली, तेव्हा त्यांनी आधी हिल्डाचंच दार ठोठावलं. मागच्या अंगणात एक पांढरं खोकं, त्यात पंखा. बाहेरच्या गार हवेतून ऊब ओढायची आणि घरात सोडायची. हिल्डाने कागद दोनदा वाचले, माणसांना उभं-आडवं विचारून घेतलं, आणि स्वतः घरोघर हिंडून बारा सह्या आणून दिल्या.

एवढ्यावर थांबेल ती हिल्डा कसली. प्रत्येक घराला तिने आपल्या ठसठशीत अक्षरात एक चिठ्ठी दिली. 'वीज महाग आहे. बाहेर जाताना बंद करा. झोपताना बंद करा. थंडी वाजली की पूर्ण वाढवा.' बारा फ्रिजवर बारा चिठ्ठ्या लागल्या.

जानेवारीच्या शेवटी बिलं आली आणि अख्ख्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. हिल्डाने आपलं बिल चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडा तोच होता. शेजारचा विल्फ ऑर्ड कुंपणाशी तिची वाटच बघत होता. ब्याऐंशी वर्षांचा, खाणीत उभा जन्म काढलेला, आणि जिभेला हाड नसलेला.

"तुझ्या खोक्याने माझी पेन्शन गिळली गं," तो म्हणाला. "आता मीच तेवढा उरलोय."

"तुला गिळलं तर त्याचं पोट बिघडेल."

"बोल, बोल. शनिवारी खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये बैठक आहे. खोकी परत न्या, असा अर्ज लिहिलाय मी. पहिली सही तुझी पाहिजे, पोरी. तू आणलंस, तूच घालव."

हिल्डा बिल घेऊन आत वळली. पैसे ती कुठून तरी काढणार होती, एक वेळ कमी खाल्लं असतं. पण सही केली तर तिच्या शब्दाला गावात कवडीची किंमत राहणार नव्हती, आणि नाही केली तर अकरा घरं तिच्यापायी भरडली जाणार होती. शनिवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

सोमवारी सकाळी दाराबाहेरची दुधाची बाटली घ्यायला ती वाकली आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली. घोटा टम्म सुजला. घरी आलेल्या नर्सने पट्टी बांधून तिला वरच्या खोलीत झोपवलं आणि चार दिवस जिना उतरायचा नाही अशी तंबी दिली. जाताना खाली पंपाचा आकडा तिने अठरा अंशांवर लावला आणि निघून गेली. दुपारी विल्फ वाटाण्याचं सूप घेऊन आला.

"विल्फ, जाताना पंप बंद कर."

"मी त्याला हात लावणार नाही."

"अरे, पंखा नाही, माझा पैसा फिरतोय तो. एक बटण दाबायचंय."

"शपथ घेतलीय मी. सूप पी."

तीन दिवस तिने तीनदा सांगितलं, तीनदा त्याने नकाराची मान हलवली. हिल्डा अंथरुणात चडफडत पडून राहिली. वीज किती जळते ते दाखवणारा छोटा पडदा तिने उशाशी ठेवला होता. आपलं दिवाळं निघताना निदान डोळ्यांनी बघावं, असा तिचा स्वभाव. गुरुवारी सकाळी तिने पडदा हातात घेतला, झटकला, पुन्हा पाहिलं. रात्रंदिवस पंप चालू होता, खोली उबदार होती, आणि वीज रोजच्या निम्मी जळली होती.

ती छताकडे बघत बसली, आणि तिला बाप आठवला. टॉम थर्लवेल खाणीच्या बॉयलरवर होता. सहा वर्षांची हिल्डा त्याचा डबा घेऊन बॉयलरघराच्या दाराशी जायची. मुलींना आत मज्जाव होता. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस म्हणायचा, "विस्तव जिवंत आहे." येणारा म्हणायचा, "माझ्या हाती." घरीसुद्धा टॉम रोज रात्री शेगडीवर ओला कोळशाचा चुरा थापायचा. आत निखारा सकाळपर्यंत धुगधुगत राहायचा. गार शेगडी पेटवायची तर दुप्पट कोळसा जातो, हे हिल्डाला पाढ्यांच्या आधी येत होतं.

पण वीज म्हटली की त्या घरात दिवा. खोलीतून उठलं की मालवायचा, नाहीतर पाठीत धपाटा. चिठ्ठी लिहिताना हिल्डाला तो धपाटा आठवला होता, निखारा आठवला नव्हता. आपल्या शहाणपणाचा तिला इतका राग आला की दुखरा पाय तिने पलंगावर आपटला.

शनिवारी ती काठी टेकत हॉलमध्ये गेली. भिंतीवर खाणकामगारांचा जुना झेंडा, खाली सगळी गल्ली. विल्फने अर्ज पुढे सरकवला.

"मी सही करणार नाही," हिल्डा म्हणाली. "बिलं खोक्यामुळे आली नाहीत. माझ्या चिठ्ठीमुळे आली."

हिल्डाने काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"आग आहे ती, आणि मी तुम्हाला ती दिव्यासारखी मालवायला सांगितली. गार घर एकदम तापवायचं म्हटलं की पंपाची दमछाक होते, मग आतली विजेची कॉइल मदतीला येते आणि मीटर धावत सुटतो. अठरावर ठेवा आणि हात लावू नका. विस्तव राखायचा. कोळशावर वाढलेल्या माणसांना हे सांगायची पाळी आली, त्याची मला लाज वाटते. चूक माझी. चिठ्ठ्या फाडा."

विल्फ उठला. टोपी काढून त्याने हातात चुरगाळली.

"सोळाव्या वर्षी पहिल्याच शिफ्टला मी हिच्या बापाचा विस्तव विझवला होता," तो म्हणाला. "टॉमने अशी कानाखाली वाजवली की दोन दिवस या कानाने ऐकू येत नव्हतं. आणि तरी ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावली. मला पुन्हा एक वाजवायला हवी."

हॉल हसला. विल्फने अर्ज घडी करून खिशात घातला. "महिनाभर बघू. नाही जमलं तर कागद आहेच."

महिन्याभराने बिलं आली. कुणाचं निम्म्यावर, कुणाचं त्याच्या थोडं वर. गल्लीतून चालताना हिल्डाची मान पुन्हा ताठ झाली, आणि खोटं कशाला सांगा, पूर्वीपेक्षा जराशी जास्तच ताठ झाली. चूक चारचौघांत कबूल करूनही आपला शब्द उभा राहिला, याचा तिला अभिमान वाटत होता.

मार्चमध्ये विल्फ आठवडाभर लेकीकडे निघाला. बॅग घेऊन तो हिल्डाच्या दारात आला आणि घराची किल्ली पुढे केली.

"झाडांना पाणी घालायचं का?" तिने विचारलं.

"झाडं कुठायत माझ्याकडे." त्याने टोपी काढली आणि शिफ्टवरून उतरताना उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. "विस्तव जिवंत आहे, हिल्डा."

डबा घेऊन बॉयलरघराच्या दाराबाहेर उभं राहिल्याला अडुसष्ट वर्षं झाली होती. तिने किल्ली घेतली.

"माझ्या हाती," ती म्हणाली.