हं-साहेबांची मुलाखत

कारखान्यात मला सगळे हजेरीबाई म्हणतात. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आमचा कारखाना. तिथं सव्वीस वर्षं मी माणसांची हजेरी, रजा, ओळखपत्रं आणि रुसवेफुगवे सांभाळत आले. मागच्या वर्षी मालकांच्या मुलीनं कारभार हातात घेतला आणि मला बोलावून म्हणाली, "बाई, आता मनुष्यबळ विभाग रीतसर सुरू करायचाय. इथली माणसं तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाहीत. पण हातात कागद हवा. विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स असतो, घरबसल्या होतो. करून टाका ना."

करून टाका म्हणणं सोपं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी अर्जात जन्मतारीख निवडताना वर्षांची यादी खाली सरकवून सरकवून माझं बोट दुखलं. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे घड्याळ दुरुस्त करत बसले होते. डोळ्याला लावलेली भिंगाची नळीसुद्धा न काढता म्हणाले, "सव्वीस वर्षं हजेरी घेतलीस. आता दे."

वर्ग दर रविवारी सकाळी दहाला. पडद्यावर साठ चौकोन, प्रत्येकात एक चेहरा, आणि वरच्या चौकोनात आमच्या मॅडम, माझ्या लेकीपेक्षाही लहान. पहिल्याच दिवशी माझा माइक चालू राहिला आणि ह्यांचं "भाजीत मीठ राहिलंय गं!" साठ घरांत ऐकू गेलं. वर्गातल्या एका नर्सबाईंनी लगेच चॅटमध्ये लिहिलं, "घाला मग, आम्ही थांबतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दिवसापासून नर्सबाईंची आणि माझी गट्टी जमली ती जमलीच.

अभ्यासानं सुरुवातीला नाकी नऊ आणले. भरती, निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन, तक्रार निवारण, सेवासमाप्ती, एकेका शब्दाच्या चार-चार व्याख्या. पाठ काही होईनात. मग एका सकाळी लक्षात आलं, की प्रत्येक धडा उघडला की मला तो दिसतोय. खळीचा वास असलेली ती जुनी ऑफिसची खोली, दारापाशी कार्ड ठोकायचं यंत्र, भिंतीलगत बाक, आणि टेबलामागे हं-साहेब.

हं-साहेब म्हणजे आमचे कामगार अधिकारी, माझे पहिले साहेब. कुणीही तावातावानं आत आलं की ते पेनाला टोपण लावायचे, हात टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हं." समोरचा बोलत सुटायचा. थांबला की पुन्हा, "हं." तिसऱ्या-चौथ्या हुंकाराला माणूस स्वतःच म्हणायचा, "जाऊ द्या साहेब, माझंही थोडं चुकलंच." तो गेला की साहेब टोपण काढून पुढचं वाक्य लिहायला घ्यायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. मला वाटायचं, यांना काही बोलायलाच सुचत नाही!

दुसऱ्या सत्रात मॅडमनी प्रकल्प दिला. या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका माणसाची मुलाखत घ्या आणि अहवाल लिहा. बाकीचे कुणाला गाठायचं म्हणून हातपाय गाळून बसले. मी मात्र त्याच दुपारी साहेबांच्या मुलीचा नंबर शोधून काढला. निवृत्त झाल्यावर ते तिच्याकडेच राहायला गेले होते. वर्षं लोटली, जाऊ जाऊ म्हणत माझं जाणं झालंच नव्हतं.

"या ना ताई," ती म्हणाली. "बाबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. सकाळचं खाल्लेलं विसरतात, पण कारखाना म्हटलं की सगळं आठवतं. शनिवारी या."

शनिवारी गेले तेव्हा साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पूर्वीचा भरदार माणूस सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता. मला बघून म्हणाले, "उशीर केलात."

"साहेब, चारची वेळ होती. चारच वाजलेत."

"आजचं नाही म्हणत मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पिशवीत तोंड घालून वही शोधण्याच्या निमित्तानं पुसलं.

वीस प्रश्न लिहून नेले होते. कपातीबद्दल विचारलं. नवीन यंत्रं आली, तेव्हा चाळीस माणसं कमी करायची होती. थोरले मालक म्हणाले होते, यादी फाटकावर लावून टाका. साहेबांनी ऐकलं नाही. तीन दिवस एकेकाला आत बोलावलं. मी बाहेर बसून प्रत्येकाच्या हाती पाण्याचा पेला द्यायचे आणि दार लोटून घ्यायचे. शेवटी कापणी विभागातले म्हातारबुवा गेले. साहेब आणि ते एकाच दिवशी कामाला लागलेले. अर्ध्या तासानं बुवा बाहेर आले, हातातला पेला तसाच भरलेला. माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे साहेबांना दे, पोरी. मी ठीक आहे."

"साहेब, काय सांगायचात हो प्रत्येकाला?" मी विचारलं. "आमच्या पुस्तकात त्याच्या अकरा पायऱ्या दिल्यात."

"अकरा?" साहेब हसले. "मला दोनच जमल्या. जे आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं. मग समोरचा उठेपर्यंत आपण उठायचं नाही."

मी भराभर लिहून घेतलं. पुढचा प्रश्न निवडीच्या निकषांचा होता.

"तुमची निवड केली तेव्हाचं सांगू?" साहेब म्हणाले.

मी लाजून हसले. मला ते ठाऊक होतं ना! माझ्या अक्षरावर मला घेतलं होतं. एवढी वर्षं मी लेकीला, सुनेला, बदलीवर येणाऱ्या प्रत्येक मुलीला हेच सांगत आले होते, की मोत्यासारखं अक्षर बघून साहेबांनी मला जागच्या जागी निवडलं.

"तुम्ही दुसऱ्या होतात," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिली दुसरीच एक मुलगी होती. तिला पत्र पाठवलं, ती आलीच नाही. दोन दिवस वाट बघितली आणि मग तुम्हाला कळवलं."

"बाबा!" आतून चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी म्हणाली.

"अगं, त्या मुलाखत घ्यायला आल्यात ना? मग खोटं सांगू?"

माझं पेन वहीवर टेकलेलंच राहिलं. चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी गेलं. एवढ्याशा गोष्टीचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं मनाला बजावत होते, पण तोंड उतरलेलं लपेना.

"मग पुढे?" शेवटी मी विचारलं.

"पुढे काय? सहा महिने मी मनात त्या मुलीला बोल लावत होतो. तुम्ही रजेचे अर्ज हरवायचात. एकदा तर एका माणसाला एकाच दिवशी हजर आणि गैरहजर दाखवलंत."

"आणि मग?"

साहेबांनी आठवून बघितलं. "मग कधीतरी तिची आठवण यायची बंद झाली," ते म्हणाले. "नक्की कधी ते नाही सांगता येणार."

घरी आल्यावर मी पाय आपटतच स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं. वाटलं, चार गोड शब्द बोलतील.

"एवढंच ना?" हे म्हणाले. "मीही दुसराच होतो. तुझ्या मावशीनं आणलेलं पहिलं स्थळ तुझ्या वडिलांना फार उंच वाटलं, म्हणून आमच्याकडे निरोप आला. मी कधी रुसलो?"

तीस वर्षं झाली आमच्या लग्नाला आणि हे ह्यांना ठाऊक होतं! मग जी हसत सुटले, ती पदर तोंडात कोंबायची वेळ आली.

अहवाल लिहिताना ती गोष्ट गाळावी असं एकदा मनात आलं होतं. पण साहेबांनी खरं सांगितलं आणि मी ते झाकायचं, हे काही पटेना. सगळं लिहिलं. पाण्याचे पेले, दोन पायऱ्या, पहिली मुलगी, हरवलेले अर्ज. आठवड्यानं मॅडमचा शेरा आला, "व्याख्या कमी आहेत. पण शेवटच्या वर्गात हे सगळ्यांना सांगाल का?"

शेवटच्या रविवारी मी पंधरा मिनिटं बोलले. आधी कागदावरून वाचत होते, नंतर कागदाचा विसर पडला. बोलून झाल्यावर मी आधी माइकचं बटण तपासलं. मला वाटलं, माइक बंदच राहिला वाटतं! तेवढ्यात हॉटेलचा स्वागतकक्ष सांभाळणारा एक जण म्हणाला, "मला परवा एकाला कामावरून काढायचंय. मी ईमेल लिहून ठेवला होता. आता समोर बसूनच सांगेन." नर्सबाई नुसत्याच डोळे पुसत होत्या. मग निरोपाचे हात हलले आणि एकेक चौकोन विझत गेला. शेवटी पडद्यावर मी एकटीच उरले, आणि मागे ह्यांचं घड्याळांचं कपाट.

निकाल लागला. दुसऱ्या श्रेणीत का होईना, पास झाले. साहेबांच्या मुलीनं अहवाल त्यांना दोन बैठकांत वाचून दाखवला. कापणीवाल्या बुवांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला म्हणे. कारखान्यात मला वरच्या मजल्यावर नवी खोली मिळाली. तिन्ही बाजूंनी काच. मी मालकीणबाईंना म्हटलं, "खोली छान आहे, पण मला आधी पडदे हवेत. इथं कुणाला रडू आलं तर साऱ्या कारखान्याला दिसेल."

"रडायला कोण येणार आहे, बाई?"

"येतात हो," मी म्हटलं. "तुम्ही पडदे तर लावून द्या."

त्यांनी लावून दिले.

आता रविवार मोकळे असतात. दहाच्या सुमाराला मी भाजी निवडायला बसते आणि उगीचच वाटतं, की आत्ता मॅडम सगळ्यांची नावं घेत असतील. नर्सबाईंना फोन लावते. त्याही म्हणतात, "अहो, मीही लॅपटॉप पुसूनच बसलेय."

मग आम्ही दोघी तासभर बोलत बसतो.