टोमॅटो आणि प्राध्यापक यांच्या मधली गाडी

त्या घरात काळ मोजायचा तो गाड्यांवरून. दादाचा हात मोडला बदकाच्या वेळी, छोटीचे दुधाचे दात पडले टोमॅटोच्या वेळी, आणि आजी गेली ती प्राध्यापक दारात उभा असताना. बदक म्हणजे पहिली, पांढरी गाडी. जुनीच घेतलेली, ती चालायची कमी आणि डुलायची जास्त. टोमॅटो लाल आणि गोल. प्राध्यापक राखाडी. सुरू व्हायला वेळ लावायचा आणि एकदा सुरू झाला की थांबता थांबायचा नाही. त्याचे ब्रेक शेवटपर्यंत कुणाला नीट करता आले नाहीत.

एका दशकात या तीन गाड्या झाल्या. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. गावोगावच्या दुकानांतले तराजू तपासत फिरायचं, म्हणून गाडी लागायची. आता बाबा जाऊन पंधरवडा झाला होता. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसच्या हॉलमध्ये शोकसभा होती आणि घरातर्फे छोटीने बोलायचं, हे परस्पर ठरून गेलं होतं. पन्नाशी जवळ आली तरी घरात ती छोटीच. "एवढी पुस्तकं वाचतेस, मग तूच बोल," म्हणून दादाने हात झटकले होते.

तिने गाड्यांवर बोलायचं ठरवलं. बाबांच्या स्वभावावर बोलायला गेली असती तर तोंडातून शब्द फुटला नसता. गाड्यांचं ऐकून लोक हसतील, आणि त्या हसण्याच्या आडोशाला आपण उभ्या राहू, असा तिचा अंदाज. अट एकच: ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याला निरोप देताना एक शब्द खोटा नको.

"उताराचं सांग," सकाळी चहा पिताना दादा म्हणाला.

ते तर हवंच होतं. बाबा कुठलाही उतार फुकट जाऊ देत नसत. उतार लागला की किल्ली फिरवून इंजिन बंद. पेट्रोल वाचतं. मग गाडीत एकदम सामसूम, फक्त चाकांचा आवाज, आणि सगळे जीव मुठीत धरून बसलेले.

"आणि आई किंचाळायची."

"किंचाळू नको तर काय करू? मुळात त्या प्राध्यापकाला ब्रेक नाहीत, त्यात इंजिन बंद!" आई म्हणाली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

छोटी लिहीत होती. "मग निळीचं काय सांगू? तिला आपण काय म्हणायचो?"

दादाने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तिथेच विरघळलं.

"निळी कुठली?" आई म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

"फिकट निळी. मागची डावी काच खाली व्हायची नाही. गियरच्या टोकाला काचेचा गोळा होता, त्याच्या आत एक फूल. मी मागे बसून त्या फुलाकडे बघत राहायचे. एकदा सीटवर उलटी केली होती मी आणि कुणी ओरडलं नव्हतं."

"शेजाऱ्यांची असेल."

"शेजाऱ्यांकडे सायकल होती, दादा. तीही पंक्चर."

"मग स्वप्नात आली असेल. तू झोपेत चालायचीस."

"झोपेत तू बडबडायचास."

आई उठली आणि आधीच धुऊन ठेवलेले कप पुन्हा धुवायला लागली.

छोटीच्या मनात पाल चुकचुकली. या घरात गळक्या नळालासुद्धा नाव होतं, 'रडका' म्हणून. मग अख्ख्या गाडीला कसं नव्हतं? फोटोंचे अल्बम काढून पाहिले. बदकाला टेकून दादा, टोमॅटोच्या टपावर ती स्वतः, प्राध्यापकाला ढकलणारे बाबा. निळी कुठेच नाही. अल्बम मिटताना तिला एक वाक्य मात्र आठवलं: "घरी सांगायचं नाही हं." ते कुणी म्हटलं होतं ते आठवेना. शब्द तेवढे राहिले होते, आवाज गेला होता.

तिने काकांना फोन लावला. काका म्हणजे बाबांच्या ऑफिसातले जिवलग मित्र. शोकसभेची सगळी धावपळ त्यांचीच.

"काका, बाबांकडे कधी निळी गाडी होती का हो? टोमॅटोनंतर?"

"निळी? छे! टोमॅटो तर त्याने माझ्या दारातूनच विकली. गिऱ्हाईक मीच आणलं होतं."

"तुमच्या दारातून? आमच्या का नाही?"

"अगं, तेव्हा तो माझ्याकडेच राहाय..." काका थांबले. "म्हणजे, दौऱ्यावरून उशीर झाला की मुक्कामाला असायचा."

"तुमचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं, काका."

"हॅलो? आवाज तुटतोय बघ, पोरी. वेळेवर या म्हणजे झालं." फोन बंद.

आवाज मुळीच तुटत नव्हता.

बाबा घर सोडून गेले होते तर. आणि निळ्या गाडीची मालकीण कुणीतरी होती. मुलीला फिरवून आणतो म्हणून बाबा बाहेर पडत असणार आणि मुलीला म्हणत असणार, घरी सांगायचं नाही हं. आठवण इतकी तयारीची, की जिथे रिकामं होतं तिथे तिने लगेच एक बाई बसवली: पुढच्या सीटवर, मोकळ्या केसांची. छोटीला तिची मानसुद्धा दिसायला लागली. आपल्याला तेव्हाच या लबाडीत सामील करून घेतलं होतं, आणि आपण त्याच माणसासाठी आज उभं राहून लोकांना हसवायचं?

आई आतल्या खोलीत बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबांचं बाहेर कुणी होतं का?"

आईने एका शर्टाची बाही सरळ केली. "कोण म्हणालं असं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? तुम्ही सगळे एकदम मुके झालात, तेवढं पुरे. मी संध्याकाळी बोलणार नाही. दुसरं कुणी बघा."

"अगं, लोक येतील..."

"येऊ देत. खोटं मला बोलायचं नाही आणि खरं कुणी सांगत नाही."

आईने नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं. ज्याच्यावर आळ येत होता तो काही उठून बोलणार नव्हता. तिने शर्ट बाजूला ठेवला.

"ती गाडी उतारावर बंद व्हायची का गं?"

"काय?"

"तुझी निळी. उतार लागला की इंजिन बंद व्हायचं का? आठव."

छोटीने डोळे मिटले. गावाबाहेरचा लांब उतार, डावीकडे झाडं, न उघडणारी काच. गियरच्या गोळ्यातलं फूल थरथरत होतं. चढावर थरथरत होतं, उतारावरही. इंजिनाची घरघर एकदाही थांबली नव्हती.

"नाही."

"मग ते तुझे बाबा नव्हते."

बाहेरच्या खोलीत दादाने टीव्ही लावला आणि लगेच बंद केला.

"मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते ना," आई म्हणाली, "त्या दुकानाचे मालक." काउंटरवरून गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा सुरात तिने सांगितलं. आणि इतकी वर्षं आवाज हरवलेल्या त्या 'घरी सांगायचं नाही हं'ला आवाज मिळाला. तो समोरच बसला होता.

"तुला उलटी झाली ना, तो शेवटचा दिवस. निघालो होतो आपण. कायमचे. तुझे कपडे डिकीत होते."

"आणि दादा?"

"तो शाळेत होता. मोठा आहे, बापापाशी राहील, असं ठरवलं होतं मी." आईने 'मी' हा शब्द जरा जोरात म्हटला. "तू ओकलीस म्हणून थांबलो. तुला पुसायला पर्समध्ये रुमाल शोधत होते, तर हाताला घराची किल्ली लागली. रोज शेजारी ठेवून जायचे, त्या दिवशी गडबडीत राहिली. म्हटलं, पोरगं येईल आणि कुलूप बघत बसेल. म्हटलं, गाडी वळवा."

"किल्लीसाठी?"

"हो, किल्लीसाठी. तुझ्या पुस्तकांत काही मोठं कारण असतं, माझ्याकडे नव्हतं. तो माणूसही वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. मुकाट्याने वळवली त्याने."

"दादाला माहीत आहे?"

"आपण पोचलो तेव्हा पायरीवरच बसला होता. आपल्याला त्या गाडीतून उतरताना बघितलं त्याने." ती थांबली. "ह्यांना मीच सांगितलं. टोमॅटो घेऊन काकांकडे निघून गेले. मग पुष्कळ दिवसांनी खाली हॉर्न वाजला, बघते तर प्राध्यापक. मला म्हणाले, ये, बघून जा, ब्रेक जरा ढिले आहेत. झालं. त्यानंतर हा विषय घरात निघाला तो आज."

छोटीला मोकळ्या केसांची ती बाई मघाशी अशीच स्पष्ट दिसली होती. मग या उताराच्या आठवणीचा तरी काय भरवसा?

"बाबांना सांभाळून घ्यायला तर तू हे सांगत नाहीस ना?"

"माझी अब्रू इतकी स्वस्त झाली का गं?" आई फटकन म्हणाली. "ऊठ. तयार हो."

हॉल भरला होता. छोटी बोलायला उभी राहिली. माझ्या लहानपणी आमच्याकडे तीन गाड्या होत्या, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं. बदकावर लोक हसले, उतारावर तर खूपच हसले. प्राध्यापक घरी आला तेव्हा बाबांनी आधी आईला खाली बोलावलं आणि ब्रेक ढिले असल्याचं सांगून टाकलं, हेही ती बोलली. कुठेही तोळामासासुद्धा कमी-जास्त झालं नाही. पहिल्या रांगेत दादा मान खाली घालून बसला होता. आई ताठ बसली होती.

पण छोटीची नजर पहिल्या रांगेवर ठरेना. ती सारखी मागे जात होती, निळ्या गाडीच्या मालकाला शोधत. दाराशी कोण बसलंय, उशिरा कोण आलं, काकांना न भेटता खुर्ची कुणी धरली. एका म्हाताऱ्याने चष्मा काढून रुमालाने पुसला आणि तिचं वाक्य तुटलं. मग त्याच्या शेजारच्याने काढला. मग त्याच्या पलीकडच्याने. मागच्या रांगांत सगळे म्हातारेच होते, आणि सगळ्यांनाच चष्मे होते.