आधी वही, मग चावी

"मॅडम, ब्राउझर असताना वेगळं ॲप हवंय कशाला?"

सॉफ्टवेअर कंपनीच्या टायवाल्याचं हे वाक्य बाईंच्या कानात महिनाभर गोमाशीसारखं घोंघावत होतं. कशाला म्हणजे काय? पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, की शहराखाली एकशे चाळीस व्हॉल्व्ह पुरलेत, त्यांची माहिती याच कॉम्प्युटरच्या पोटात राहील आणि इंटरनेट असो नसो, उघडेल, असा प्रोग्रॅम द्या. त्यावर कंपनीचा तो टायवाला असा हसला, जणू बाईंनी कंदीलच मागितला होता. "आता सगळं वेबवर असतं. कुठूनही उघडा!" साहेबांनीही मान डोलावली. "बाई, जरा काळाबरोबर चला." आणि त्याच आठवड्यात, सुरक्षितता म्हणून, ते कुठूनही उघडणारं पान फक्त ऑफिसच्या इंटरनेटवरूनच उघडेल, अशी सोय याच साहेबांनी करून घेतली. आता बोला!

व्हॉल्व्ह सांभाळायचे नाना. एकतीस वर्षं नोकरी झालेली, महिनाअखेरीला निवृत्ती. त्यांच्यापाशी रेक्झिनच्या कव्हरची एक जाडजूड वही होती. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या झाकणाखाली, किती फेऱ्यांत बंद होतो, आणि मुख्य म्हणजे कुठला उलटा, हे सगळं तिच्यात. बहुतेक व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. पण फार जुने नऊ होते, ते डावीकडे. अशा उलट्याला उजवीकडे जोर लावला, की आतला दांडा मोडलाच म्हणून समजा. म्हणून नानांचा नेम होता: आधी वही, मग चावी. रोजचा व्हॉल्व्ह असला तरी पानावर बोट ठेवायचं, ओठातल्या ओठात वाचायचं आणि मगच ती कमरेएवढी लोखंडी चावी खाली सोडायची. एकतीस वर्षांत एक दांडा मोडला नव्हता.

"नाना, आता तरी पाठ झालं असेल की!" लोक चिडवायचे.

"पाठ आहे असं वाटतं ना, म्हणूनच बघतो," नाना म्हणायचे.

तीन आठवडे खपून बाईंनी वहीतलं अक्षर न् अक्षर वेबवर चढवलं. लगेच साहेबांचं फर्मान निघालं, नोंद दोन ठिकाणी नको, वही रद्दीत. नाना वही सोडेनात. शेवटी बाईंनीच त्यांची समजूत घातली. "द्या नाना. लागेल तेव्हा फोन करा, मी आहे ना." नानांनी वही दिली ती बाईंच्या शब्दावर. हे बाईंना पुढे फार लागलं.

मंगळवारी सकाळी अकराला मोठी पाइपलाइन फुटली. पाणी उतारानं थेट खालच्या पाळणाघराकडे निघालं. आत बावीस मुलं. आणि त्याच जागेतून गेलेली ऑफिसच्या इंटरनेटची केबलही तुटली.

"बाई, बारा नंबर," फोनवर नाना धापा टाकत होते. "उजवा की डावा?"

बाईंनी पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर एक गोल गरगर फिरत राहिला. मग अक्षरं आली: जोडणी तपासून पुन्हा प्रयत्न करा. बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून बघितलं. परवानगी नाही. साहेबांना लावला, तर साहेब मीटिंगमध्ये, फोन बंद.

"बाई, पाणी पायरीला लागलं हो!"

"दोन मिनिटं नाना, हात जोडते, चावी लावू नका!"

"मुलं आत आहेत, बाई."

नानांनी फोन तसाच खिशात टाकला. बाईंना पाण्याचा आवाज ऐकू आला, मग लोखंडाची करकर आणि मग काड्‌कन एक आवाज. दांडा मोडला होता.

मुलं वाचली. मागच्या दारानं सगळ्यांना खांद्यावरून बाहेर काढलं, त्यात नानांनी स्वतः पाच काढली. पाणी थांबायला तीन तास लागले. त्या गर्दीत एक आई नानांवर ओरडली, "एवढी वर्षं काय झोपा काढल्या का?"

दुसऱ्या दिवशी इंटरनेट आलं, आणि साहेबांचा अहवालही. कारण: मानवी चूक. व्हॉल्व्हमनने चुकीच्या दिशेने जोर लावला. शेजारी टायवाला बसला होता. "आमच्या सिस्टिममध्ये माहिती अचूक होती, मॅडम. सही करा."

बाईंचा पारा चढला. "अचूक होती? विहिरीत पाणी आहे हो, पण दोर कापलात त्याचं काय? माझ्या टेबलावर चांगला धडधाकट कॉम्प्युटर आहे, त्यात एका वहीची माहिती ठेवायला तुम्हाला काय धाड भरली होती? ॲप मागितलं तर दात काढलेत! आणि आता खापर कुणाच्या माथी? ज्या माणसानं एकतीस वर्षांत एकदाही वही न वाचता चावी फिरवली नाही, त्याच्या?"

त्यांनी कोरा कागद ओढला आणि हातानं लिहिलं: ॲप मागूनही कंपनीने दिले नाही. वही रद्दीत घालण्याचा हुकूम साहेबांचा. नानांच्या हातून ती काढून घेणारी मी. खाली ठसठशीत सही ठोकली.

"बाई, नोकरीचा विचार करा," साहेब म्हणाले.

"केला ना. एकतीस वर्षांच्या नोकरीचा केला."

कागद साहेबांच्या पुढ्यात टाकून त्या आपल्या टेबलाशी आल्या. नाना तिथे बाकावर बसून होते, मोकळे हात मांडीवर ठेवून. बाईंनी खणातून नवी वही काढली, वेबचं पान उघडलं आणि उतरवायला घेतलं. एक नंबर, उजवा, चौदा फेरे. दोन नंबर, उजवा. अकरा नंबर उतरवून झाले. बारासाठी त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

"तो बघू नका, बाई," नाना म्हणाले. "बारा उलटा. तो एक मला आता कधी बघावा लागणार नाही."