लेकींच्या शब्दावर आलेली मोटार

मित्रांनो, आधी जरा लांब सरकून बसा. लय जवळ आला तर शिंका येतील, मग मला बोल लावू नका. मी एक जुना डंक हाय, मिरची कांडायचा. लोखंडाचं उखळ, त्यात वर-खाली हुणारी मुसळं, माथ्यावर त्यांना उचलणारा दांडा, कडंला मोटार आन पट्टा. कुपवाडच्या एका शेडात मला जोडलं. जोडणारा मिस्त्री गालात तंबाखू धरून म्हणला व्हता, "जा, बायकांचं हात वाचीव." तेवढीच माझी शाळा.

मला आणलं हरिबानं. फौजेत डायवर व्हता. पेन्शनीत निघाला आन कडेगावच्या बाजूला आपल्या गावात, घराम्होरं पत्र्याचं शेड मारून मला रोवलं. पण चालवलं त्येच्या बायकूनं, राहीबाईनं. हरिबाला मिरची सोसत न्हाई. बर्फात गाड्या हाकल्याला गडी, पण पयलं मुसळ पडलं की नाकाला रुमाल लावून अंगणात पळतोय.

आमच्याकडं चटणी वर्साची एकदाच करत्यात. ऊन तापलं की मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा, कांदा-लसूण-खोबरं तळायचं, आन समदं डब्यात भरून माझ्याकडं. चक्कीवर दळली तर चटणी तापती, रंग उतरतो, वास जातो. माझं मुसळ पडतंय, उठतंय, मिरची फुटती पण तापत न्हाई. उन्हाळ्यात माझ्या दारात डब्यांची रांग लागायची. बायका तितंच बसून एकमेकींच्या सुनांवर बोलायच्या. माझ्या दणक्यात हळू बोलून भागत न्हाई, त्यामुळं गावातलं एकबी गुपित मला चुकलं न्हाई.

आन एक रीत व्हती. सासरी गेलेली लेक माहेरी आली आन चटणी कांडून न्यायची म्हणली, तर तिच्याकडनं कांडणावळ घ्यायची न्हाई. मग ती लेक कुठल्याबी घरची आसू द्या. विहाराकडच्या आळीतल्या जाईबाईची प्रियंका पुण्यात दवाखान्यात नर्स हाय. लगीन झाल्यावर पयल्यांदा डबा घिऊन आली, तवा नोट काढून उभीच ऱ्हायली.

राहीबाई म्हणली, "ठिव ती. लेकीचं घेत न्हाईत."

"आमालाबी ही रीत लागू हाय व्हय, काकी?"

"का? तुझं माहेर दुसऱ्या गावात हाय?"

प्रियंकानं नोट परत पाकिटात घातली आन मिरच्या माझ्या उखळात वतू लागली. तवापासनं ती पोरगी दर वर्साला येती, आन आली की आधी माझ्या अंगावर थाप मारती. मला ते लय बरं वाटतंय.

औंदा शिमगा झाला आन माझी मोटार जळली. पयल्यांदा वास आला, मग धूर, मग मी गप. मिस्त्रीनं यिऊन बघितलं. दांडाबी वाकला व्हता. म्हणला, "मोटार नवी लागंल, दांडा नवा लागंल. न्हाईतर भंगारवाला किलोवर घिऊन जाईल." मी तितंच उभा. माणसं आजारी माणसाम्होरं आसं बोलत न्हाईत, पण लोखंडाला कोण कशाला लाजंल.

राहीबाईच्या जिवाला घोर लागला, त्यो उगा न्हाई. चटणीचा हंगाम दोन म्हैन्याचा. त्यातच वर्साचं निघायचं. रस्त्यावर नवी चक्की झाल्ती. एक उन्हाळा बायका तिकडं गेल्या की मग परत कशाला येतील? म्हंजी मोटार आत्ता आली तर मी डंक, न्हाईतर मी भंगार.

दोघं बँकेत गेली. परत आली ती तोंड पाडून. शेडातच बसली, म्हणून मला समजलं.

शेजारची सुलाबाई इचाराय आली, "काय म्हणला साहेब?"

हरिबा म्हणला, "चांगला बोलला. च्या पाजला. म्हणला सध्या वरनंच हात आखडलाय, लहान धंद्याला लय तपासून द्या म्हंत्यात. मग म्हणला, खात्यात उलाढाल दावा. आता हिनं कवा खात्यात रुपाया टाकलाय? एक बाई रोख देती, ते हिच्या बाजारात जातंय. दुसरी वाटीभर चटणीच ठिवून जाती. आन लेकी तर फुकट. मी साहेबाला म्हणलं, उलाढाल बघायची तर वैशाखात शेडाम्होरं हुबं ऱ्हावा, डोळ्यातनं पाणी काढून दाखवतो."

"मग?"

"हासला. पण कर्ज हासण्यावर मिळत न्हाई."

सरकारी योजना व्हती, पण तिची फाईल बँकेतनंच फिरून येणार, तवर पावसाळा. पतसंस्थेत म्हणले, लोकांकडची आधीची थकबाकी येईस्तोवर नवं कर्ज बंद. राहीबाईची बोरमाळ बोअर मारताना गहाण पडली ती अजून सुटली न्हाई. ऱ्हायल्या त्या फायनान्सच्या बाया, ज्या आठवड्याला गट बसवून हप्ता गोळा करत्यात. त्या म्हणल्या, दहा बायका आणा, उद्या देतो.

राहीबाई सुलाबाईकडं बघाय लागली. सुलाबाई म्हणली, "माझ्याकडं बघू नगंस. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं. मला तुझ्या दारात च्या प्यायला बसायचं हाय गं, वसुलीला न्हाई."

राहीबाईला ते पटलं. तिनं फायनान्सवाल्यांना न्हाई म्हणलं. आन मित्रांनो, मी मनात म्हणलं, सरलं आपलं. त्या दिवशी तिनं माझं उखळ फडक्यानं पुसलं, तेल लावलं. जाणाऱ्या जनावराला आंघोळ घालत्यात तसं.

आठवड्यानं प्रियंका आली. थाप मारली, बटण दाबलं, मी गपच. समदं ऐकून घेतलं आन म्हणली, "काकी, आमी लेकी मिळून देतो. गावच्या लेकींचा फोनवर गट हाय आमचा, मी आत्ता टाकते."

राहीबाई उठून उभी ऱ्हायली. "परत बोलू नगंस. लेकीच्या पैशावर मुसळ उचलाय लावू व्हय मी? त्यापरीस भंगारात जाऊ दे."

हरिबा अंगणातनं वरडला, "आगं बँक न्हाई म्हंती ते ठीक, तू का न्हाई म्हंतीस?"

"तुमी रुमाल धरा नाकाला, बाहीरच ऱ्हावा."

प्रियंका तिच्या शेजारी खाली बसली. दवाखान्यात रोज हट्टी माणसांना गोळ्या चारायची सवय. आवाज चढवला न्हाई. म्हणली, "बरं. माझी फुकटच. मी देत न्हाई. पण माझ्यासंगं ज्या सिस्टर हायत, त्या माझ्या डब्यातली चटणी खाऊन दर वर्षी इचारत्यात, कुठं मिळती. त्या काय ह्या गावच्या लेकी न्हाईत. त्यांना इकशील का?"

"इकंन की. पण डंक बंद, कांडू कशात?"

"त्या आधी पैसं देतील. मिरचीचं, कांडणावळीचं, समद्याचं. तू चटणी द्यायची आखाजीपत्तर, म्हंजी अक्षय तृतीयेला. माझ्यासारख्या आणिक लेकी हायत, एकीची आळी, दुसरीचं हापिस. आमचं आमाला फुकट, आमच्या वळखीच्यांना इकत."

राहीबाईनं बोटावर आखाजीपत्तरचं दिवस मोजलं. मग म्हणली, "ही उचल झाली की गं पोरी. चटणी चांगली न्हाई झाली तर त्या बाया मला न्हाई, तुला बोलतील."

"म्हणून तर तुला सांगतेय. माझा शब्द सांभाळ म्हंजी झालं."

तवा कुठं ती व्हय म्हणली. प्रियंकानं हरिबाच्या फोनवर पैसं घ्यायची सोय केली. त्येचा चिटकवायचा कागद, म्हंजी स्कॅनर, माझ्याच अंगावर लावला. "आता जी बाई रोख देईल तिलाबी हितंच द्याय लाव," प्रियंका म्हणली, "फुडच्या साली साहेबाला डोळ्यातनं पाणी काढाय लागणार न्हाई." चार दिवस हरिबाचा फोन वाजत ऱ्हायला. दर येळी त्यो उठून उभा ऱ्हायचा, जसा काय वरचा साहेब आलाय. मोटारीचं भागलं. दांड्याचं मिस्त्री म्हणला, हंगाम झाल्यावर हप्त्यानं द्या, म्हातारीला चालू बघू दे. म्हातारी म्हंजी मी. गड्याला बाई केलं, पण त्या येळंला तेबी चाललं.

मोटार बसली. पयलं मुसळ उचललं तवा माझं समदं अंग हादरलं. हरिबा अंगणात न्हाई पळाला, दारातच उभा ऱ्हायला, डोळ्यातनं पाणी. मिरचीचंच आसंल.

पयला घाणा पुण्याचाच. राहीबाई घाईत व्हती, मसाला भाजताना जाळ मोठा झाला. कांडून झाल्यावर चिमूट जिभंवर ठेवली आन तोंड वाकडं केलं. करपट. तिनं पट्टा थांबवला.

हरिबा म्हणला, "पुण्याला नगं, गावात खपंल की."

"गावानं काय घोडं मारलंय, करपलेली खायाला?"

"मिरची किती गेली त्यात, बघ तरी."

"लेकींनी जिभंनं शब्द दिलाय. त्या जिभंवर करपट ठिवू?"

त्यो घाणा खड्ड्यात गेला. ती बरोबर व्हती. बोरमाळ आधीच गहाण, मोटार दुसऱ्याच्या पैशाची, दांडा उधारीचा. तिच्याकडं गहाण टाकायला निव्वळ एवढंच ऱ्हायलं व्हतं की हिची चटणी चांगली आसती. ते तिनं जपलं. दुसऱ्या घाण्याचा मसाला तिनं मंद जाळावर भाजला, आन सुलाबाईला बाजूला बसवून बडबडू दिलं न्हाई.

मित्रांनो, तुमी उद्या मोठं व्हाल. कुणी बँकेत साहेब व्हाल, कुणी धंदा कराल. साहेब झाला तर कागद बघाच, पण एकदा शेडात यिऊन हुबं ऱ्हावा. धंदा केला तर आलेला रुपाया खात्यातनं फिरवा, न्हाईतर तुमचं राबणं कुणाला दिसत न्हाई. आन ह्यातलं कायच न्हाई झाला, तर निदान जी बाई तुमचं दळती, कांडती, शिवती, तिचं पैसं तितल्या तितं द्या. मला वंगण लागतं, तिला ते लागतं.

आता बास. आज आखाजी. गाडीत पुण्याचं डबं भरायचं ऱ्हायलंय, हरिबा घड्याळ बघतोय. आन शेडात प्रियंका आलीया, सोताचा डबा घिऊन. हरिबा म्हंतोय, आधी गिऱ्हाईकाचं भर, गाडी चुकंल. राहीबाईनं त्येच्याकडं बघितलंबी न्हाई. प्रियंकाच्या मिरच्या माझ्या उखळात वतल्या आन म्हणली, "गाडी दुसरी यील. आधी लेक."

बटण दाबलं बघा. तोंडात मिरची पडली की मला बोलता येत न्हाई.